आरोग्याचा उपदेश आणि आरोग्याचा हक्क

आरोग्य कसे सांभाळावे हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. पहाटे उठावे, मोकळ्या हवेत फिरावे, ताज्या भाज्या, दूध, फळे खावीत, स्वच्छ पाणी भरपूर प्यावे, आठ तास झोपावे आणि मन प्रसन्न ठेवावे, हा उपदेश शाळेच्या पुस्तकांतून, दवाखान्यांच्या भिंतींवरून, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि आता प्रत्येकाच्या हातातल्या फोनमधून अखंड वाहतो आहे. त्यातला बहुतेक भाग खराही आहे. तो खोटा ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. परंतु हा उपदेश नेमका कोणाला उद्देशून केलेला असतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही.

उसाच्या फडावरच्या बाईला पहाटे उठायला कोणी सांगावे लागत नाही. मोकळी हवा तिला हवी त्याहून अधिक मिळते. व्यायामाची तर गोष्टच नको. तिच्याजवळ नाही ते स्वच्छ पाणी, पोटभर आणि चौरस अन्न, विसावा, आणि माणूस म्हणून मिळणारी वागणूक. म्हणजे उपदेशातल्या ज्या गोष्टी फुकट मिळतात त्या तिच्याजवळ आहेत आणि ज्या मिळवण्यासाठी समाजात काहीएक स्थान लागते त्या नाहीत. आरोग्याचा रूढ उपदेश नळ, स्वयंपाकघर, पगार आणि सुट्टी गृहीत धरतो. ज्यांच्यापाशी हे नाही त्यांच्या आजाराला मग तो अज्ञान, आळस, अस्वच्छता अशी नावे देतो.

फुले-आंबेडकरी चळवळीने आरोग्याचा याहून निराळा विचार केलेला आहे. आपल्या नियतकालिकांतून साहित्य, संस्कृती, धर्मांतर, राखीव जागा यांवर पुष्कळ लिहिले गेले. आरोग्यावर त्या मानाने फार थोडे. म्हणून तो विचार येथे थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे. स्वतःचे जीवन सुधारणे आणि त्यासाठी लागणारी साधने हक्काने मिळवणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत आणि त्यांची फारकत केली की दोन्ही निष्फळ होतात, असे या विचाराचे सार सांगता येईल.

शुद्धी आणि स्वच्छता

आपल्या समाजात 'शुद्ध' आणि 'स्वच्छ' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वस्तुतः ते परस्परांपासून फार दूरचे आहेत. स्वच्छता ही पाण्यातल्या जंतूंशी, मैल्याच्या विल्हेवाटीशी, हात धुण्याशी संबंधित गोष्ट आहे. ती तपासता येते. शुद्धीचा संबंध जन्माशी आहे. ती तपासता येत नाही, फक्त मानावी लागते.

महाडचा सत्याग्रह या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते, परंतु ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. आणि त्यानंतर सनातन्यांनी दही, दूध, शेण आणि गोमूत्र वापरून मंत्रघोषात तळे 'शुद्ध' करून घेतले.

आता ज्ञानाच्या बाजूने पाहा. लंडनमध्ये जॉन स्नो याने पटकीचा प्रसार दूषित पाण्यातून होतो हे १८५४ मध्ये एका हातपंपावरून दाखवून दिले होते. रॉबर्ट कॉख याला पटकीचे जंतू १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात सापडले होते. म्हणजे पिण्याच्या तळ्यात काय पडू नये हे विज्ञानाने सांगितल्याला महाडच्या वेळी चार तपे होत आली होती. तरी त्या गावातल्या प्रतिष्ठितांना भय वाटले ते माणसाच्या ओंजळीचे. पिण्याच्या पाण्यात शेण कालवण्याचे त्यांना काही वाटले नाही. ज्या समाजाची शुद्धीची कल्पना इतकी प्रबळ असते त्याची स्वच्छतेची बुद्धी मारली जाते, याचा याहून ढळढळीत पुरावा शोधण्याचे कारण नाही. घाण करणारा शुद्ध आणि ती उपसणारा अशुद्ध ही व्यवस्था टिकवायची तर घाणीचा शास्त्रीय विचार होऊन चालतच नाही.

ज्याला पाणी नाकारले त्यालाच अस्वच्छ म्हणून हिणवले, हा या व्यवस्थेचा दुसरा भाग. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास डॉ. बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम हाती घेतली तेव्हा, म्हणजे महाडनंतर पंचेचाळीस वर्षांनी आणि घटनेचे सतरावे कलम लागू झाल्यावर दोन तपांनीही, गावोगाव पाणवठे वेगळेच होते. पुढे ११ राज्यांतील ५६५ खेड्यांची जी पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली तिच्यात जवळजवळ निम्म्या खेड्यांत दलितांना पाण्याच्या ठिकाणी मज्जाव असल्याचे आणि सुमारे एक तृतीयांश खेड्यांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जात नसल्याचे आढळले. ज्या घरात नर्सबाई पाऊल टाकत नाहीत त्या घराला 'बाळाला वेळेवर लस टोचून घ्या' असे सांगणारा फलक काय उपयोगाचा?

बाबासाहेबांच्या घरातील मृत्यू आणि त्यांचे कायदेमंडळातील काम

बाबासाहेब आणि रमाई यांना पाच अपत्ये झाली. त्यांतील चार बालपणीच दगावली. एकटे यशवंतराव जगले. स्वतः रमाई दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी गेल्या. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या मिळवलेल्या माणसाच्या घरातली ही स्थिती होती. हे दुःख आपण भाषणांतून भावनेने सांगतो. परंतु त्याच काळात बाबासाहेब आरोग्याच्या प्रश्नावर कायदेमंडळात काय करीत होते, हे क्वचितच सांगतो.

१९२८ च्या जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. लोककल्याणाचा भार प्रामुख्याने सरकारने उचलायचा असतो हे त्यांनी मान्य केले. पण ज्या मालकाला तिच्या श्रमाचा लाभ होतो त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, असे त्यांनी बजावले. १९२९ मध्ये हा कायदा झाला. बाळंतिणीची विश्रांती घरातल्या मोठ्या माणसांच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट होती. तिला या कायद्याने हक्काचे रूप दिले. पुढे घटनेच्या ४२ व्या कलमात प्रसूतिसाहाय्य आणि ४७ व्या कलमात पोषण व सार्वजनिक आरोग्य ही राज्याची कर्तव्ये म्हणून आली, त्यामागे हीच दृष्टी होती.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव कायदेमंडळात मांडला. त्यांचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. वारंवारच्या बाळंतपणाच्या यातना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर त्यांच्यापैकी कोणी एकाहून अधिक मूल होऊ दिले असते काय, असा त्यातला एक रोखठोक युक्तिवाद होता. ठराव फेटाळला गेला. त्याआधी, १९३४ मध्ये, र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील लैंगिक प्रश्नांच्या उत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. खटला हरला. पण शरीराविषयीचे ज्ञान लोकांपासून दडवून ठेवणे हाही वर्चस्वाचाच एक प्रकार आहे, हे ज्याला वेदाधिकाराचा इतिहास ठाऊक आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडले आणि ते मंजूर झाले. आठ तास झोपा, हा उपदेश कामगाराला ऐकवायचा तर आधी त्याच्या कामाचे तास कमी करावे लागतात. उपदेश आणि हक्क यांतील फरक येथे स्वच्छ दिसतो.

'कोयता' आणि खाडा

वरच्या विवेचनाला कोणी इतिहास म्हणून बाजूला ठेवील, म्हणून अगदी अलीकडचे उदाहरण घेते. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे ऊसतोडीला जातात. त्यांत दलित आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत, भूमिहीन आणि कोरडवाहू सगळेच आहेत. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडप्याच्या नावावर. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. म्हणजे हिशेबात बाई हे स्वतंत्र माणूस नसते, अर्धा कोयता असते. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. फडाजवळच्या कोपीला ना नळ, ना संडास, ना आडोसा. दिवसभर उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहायच्या, आणि गाडी रात्री आली तर ती रात्री भरायची.

या जगण्यात मासिक पाळी, पांढरे जाणे, ओटीपोटातले दुखणे हे सगळे खाड्याच्या भाषेत मोजले जाते. खाजगी दवाखान्यात गेले की 'पिशवी काढून टाका, कटकट जाईल' असा सल्ला मिळतो. हा प्रकार गाजल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. म्हणजे साधारण सहा स्त्रियांमागे एक.

ह्या स्त्रियांना आरोग्याची जाण नव्हती असे म्हणता येईल का? त्यांनी त्यांच्या परिस्थितीत हिशेब केला होता. खाडा परवडत नाही, दुखणे थांबत नाही, मुले झालेली आहेत. तर अवयवच काढून टाकावा. हिशेब त्यांचा चुकीचा नव्हता, ज्या अटींवर तो करावा लागला त्या अटी अमानुष होत्या. १९२८ मध्ये कायदेमंडळात मांडलेला विसाव्याचा मुद्दा शंभर वर्षे होत आली तरी उसाच्या फडापर्यंत पोचलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

गटारात उतरणाऱ्या माणसाची गोष्टही हीच. हाताने मैला साफ करण्यावर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायद्याने बंदी आली. गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तरी माणसे उतरतात आणि मरतात. त्यांना हातमोजे घालण्याचा उपदेश करून हा प्रश्न सुटत नाही. माणसाने तेथे उतरूच नये ही व्यवस्था करावी लागते.

आयुष्याचे माप

जात शरीरात कशी उतरते याचे काही आकडे अलीकडे उपलब्ध झाले आहेत. कार्यकर्ते ते भाषणांत वापरतात. म्हणून त्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्त्रीविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात असे नमूद केले की भारतातील दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्च जातीतील स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. हा आकडा 'दलित स्त्री साडेचौदा वर्षे कमी जगते' असा सांगितला जातो. ते पूर्णतः बरोबर नाही. मृत्यूसमयीचे सरासरी वय काढताना फक्त मरण पावलेल्यांची वये धरली जातात. ज्या समाजात मुले आणि तरुण यांचे प्रमाण अधिक असते तेथे हे वय आपोआपच खाली येते. आयुर्मान हे वेगळे माप आहे. त्यात प्रत्येक वयाला मृत्यूची शक्यता किती हे पाहून हिशेब केला जातो. या मापाने केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, आसाम यांसह नऊ राज्यांतील माहितीवरून त्यात असे दिसले की उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आहे. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तीन वर्षे म्हणजे थोडी असे कोणाला वाटेल. परंतु त्या अभ्यासातील खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दलित गरीब आहेत म्हणून लवकर मरतात, असे म्हणावे तर आर्थिक स्थितीतील फरक हिशेबात घेऊनही या दरीचा निम्म्याहून कमी भागच उलगडतो. उरलेला भाग उरतोच. म्हणजे सारखीच गरिबी असली तरी जातीचे ओझे वेगळे पडते. 'प्रश्न जातीचा नाही, आर्थिक आहे' असे सांगणाऱ्यांना द्यायला हे उत्तर पुरेसे आहे. आकडा मोठा असण्यापेक्षा तो वादात टिकणारा असणे आपल्या अधिक कामाचे.

सुधारणा कोणी सांगावी?

येथे कोणी विचारील की मग आपण स्वतः काहीच बदलायचे नाही काय? सगळा दोष व्यवस्थेवर टाकून मोकळे व्हायचे काय? असा अर्थ कोणी काढू नये. महाडलाच बाबासाहेबांनी लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा असे खडसावून सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांनी स्त्रियांशी स्वच्छ राहणी, वेशभूषा आणि मुलींचे शिक्षण यांविषयी बोलणे केले. १९५६ च्या धम्मदीक्षेत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. हे सर्व उपदेशच होते. पण तो उपदेश करणारा माणूस त्याच लोकांच्या पुढे उभा राहून तळ्याकडे चालला होता. 'स्वच्छ राहा' म्हणणाऱ्याने पाणीही मिळवून दिले, हा फरक आहे. लोकांनी तो उपदेश मनावर घेतला आणि एका पिढीत वस्त्यांचे रूप पालटले, याचे कारणही हेच. त्यात हेटाळणी नव्हती, तर आपल्या माणसांवरचा विश्वास होता.

सावित्रीबाईंनी हीच परंपरा आधी घालून दिली होती. १८९७ च्या प्लेगात त्यांनी डॉ. यशवंत यांना बोलावून पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाड यांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. स्पर्शाला घाबरणाऱ्या समाजात त्यांनी स्पर्श हेच उपचाराचे पहिले साधन मानले.

आज आपल्या वस्त्यांत दारू आहे, गुटखा आहे, आणि बायकांच्या दातांना मशेरी आहे. मशेरीबद्दल आपण फारसे बोलत नाही, कारण ती दारूसारखा दंगा करीत नाही. कामाला जाणाऱ्या बाईला मशेरीने भूक मरते आणि तरतरी वाटते. पोटात अन्न नसल्याची ती भरपाई असते. पण ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि तिच्यापासून तोंडाचा कर्करोग होतो. ही मशेरी सोडा म्हणताना सकाळच्या न्याहारीचे काय, हा प्रश्न सोबत घ्यावाच लागतो.

अन्नाचेही तसेच. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांत रक्तपांढरीचे प्रमाण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ५७ टक्के भरले. मी ज्या तालुक्याच्या कॉलेजात शिकवते तेथे पहिल्या एस.टी.ने नुसता चहा पिऊन येणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. तपासणीचे शिबिर घेतले की त्यांच्या हातात गोळ्यांच्या पाकिटाबरोबर पालेभाजी, दूध, सफरचंद यांचे चित्र असलेला कागद पडतो. ज्या अन्नावर आपल्या मागच्या पिढ्या तगल्या, ती सुकट, वजडी, रक्ती, चानी, रानभाज्या, त्या कागदावर नसते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात महार-मांगांच्या या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा अधिक कडक होऊन बैलाच्या मांसावरही बंदी आली. गरिबाच्या ताटातले स्वस्त आणि लोहयुक्त अन्न काढून घ्यायचे आणि त्याला लोहाच्या गोळ्या वाटायच्या, यातली विसंगती डॉक्टरांच्या ध्यानात येत नसेल. आपल्या तरी यावी.

जामखेडने काय दाखवले

हक्क आणि सुधारणा एकत्र आल्या म्हणजे काय घडते याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही टाकलेल्या होत्या. जामखेडला येऊन त्या वेळोवेळी शिकत आणि शिकलेले गावात जाऊन करीत. बाळाचे वजन घेणे, गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, हगवणीवर मीठ-साखरेचे पाणी, क्षय आणि कुष्ठरोग ओळखणे, हे सारे त्यांच्या हाती आले.

पाण्याबाबत त्यांनी जे केले ते तर आपल्या अभ्यासाचा विषय व्हावे. विंधनविहिरी घ्यायच्या ठरल्या तेव्हा जागा दलित वस्तीत पाहिल्या गेल्या. पाणी तेथे लागले आणि हातपंप तेथे बसला की साऱ्या गावाला पाण्यासाठी दलित वस्तीत यावे लागले. व्याख्यान न देता पाणवठा एक झाला. त्या भागात १९७० च्या सुमारास हजार जन्मांमागे सुमारे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण तिसाच्या खाली आले. त्यात औषधांचा वाटा होता, पण त्याहून अधिक वाटा पाणी, अन्न, स्त्रियांची मंडळे, शेतकऱ्यांची मंडळे आणि जातीची भिंत खचणे यांचा होता. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातील निवडक प्रयोगांत जामखेडची गणना केली. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार मान्य झाला त्याच्या पाठीशी असे अनुभव होते. २००५ नंतर गावोगाव आलेल्या 'आशा' या त्याच वाटेने आल्या आहेत.

अक्षरही न येणारी बाई बाळाचे प्राण वाचवू शकते, हे जामखेडने सिद्ध केले. ज्ञान हे विशिष्ट जातीच्या डोक्यातच राहते, या समजुतीला याहून मोठा धक्का कोणत्या ग्रंथाने दिला असेल असे मला वाटत नाही.

आपण काय करावे

कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासमोर म्हणून काही गोष्टी ठेवते. जयंतीच्या खर्चातला एक हिस्सा वस्तीतल्या प्रत्येक स्त्रीच्या आणि मुलीच्या रक्ततपासणीसाठी ठेवावा. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी आणि गरोदरपणी अकरापेक्षा कमी म्हणजे रक्तपांढरी, हे प्रत्येकीला माहीत असावे. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात आणि आशांकडे मोफत मिळतात. त्या चहाबरोबर घेतल्या तर अंगी लागत नाहीत, लिंबू किंवा आवळ्याबरोबर अधिक लागतात. जेवणावर लगेच चहा न पिणे एवढ्या साध्या गोष्टीनेही फरक पडतो.

हगवणीत मूल मरते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण वस्तीतल्या प्रत्येक आईला पाठ असावे, चमचा चहाचा. पाकीट मिळाले तर अधिक बरे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्याची थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारकडून मोफत आहेत.

एवढे स्वतःसाठी. याच्या जोडीने हक्काची बाजू. गावात आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समिती असते. तिच्यावर वस्तीतले कोण आहे, तिचा निधी कशावर खर्च झाला, हे विचारावे. नर्सबाई वस्तीत किती वेळा आल्या आणि घरात शिरल्या की रस्त्यावरून हाक मारून गेल्या, याची नोंद ठेवावी. पिण्याच्या पाण्याची तपासणी मागावी. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख ठेवून जनसुनवाया घेतल्या आहेत. दवाखान्याला जाब विचारता येतो, हे त्यांतून दिसले. कॉलेजांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते झाडण्यापेक्षा अशी पाहणी विद्यार्थ्यांकडून करून घेतली तर तो त्यांच्या अभ्यासाचाही भाग होईल.

मनाच्या आरोग्याचे काय, असे विद्यार्थी आता विचारू लागले आहेत. ते योग्यच आहे. वर्गात आडनाव विचारून झालेला अपमान, वसतिगृहातले एकटेपण, घरातली पहिलीच पदवी असल्याचे ओझे, यांनी माणूस आतून खचतो. त्याला 'मन प्रसन्न ठेव' म्हणणे म्हणजे त्याचे दुखणे त्याच्यावरच ढकलणे होय. त्याला ऐकणारे माणूस हवे, गरज पडली तर डॉक्टरही हवा, आणि अपमान करणाऱ्याला जाब विचारणारी संघटना हवी. तिन्ही गोष्टी हव्यात. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि तो संघाच्या उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला घेऊन त्याला स्वतः धुतले, नीट निजवले आणि मग संघाला बोलावून सांगितले की तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार. माणसाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरवायचे नाही आणि सेवेतले कोणतेही काम हलके मानायचे नाही, ही त्यातली शिकवण होती. धम्म स्वीकारलेल्या समाजाचा आरोग्यविचार यावर उभा राहिला पाहिजे. पुढच्या १४ एप्रिलला आपल्या वस्तीत मिरवणूक निघेलच. तिच्या आधी वस्तीतल्या किती घरांत नळ आहे, किती बायकांचे रक्त कमी आहे आणि किती पोरांची वजने घटली आहेत, हे आपल्या वहीत लिहिलेले असावे.